वुडवर्डच्या कडेला खुर्ची टाकून

गुरुवार

ऑगस्टचा तिसरा शनिवार डेट्रॉइटमध्ये घालवायचा, हे माझ्या मनात फार वर्षांपासून होतं. मी चाकणला गाड्यांच्या दारांच्या बिजागऱ्यांचं डिझाइन करते. मामा मुंबईत इंजिनिअरिंग करून ऐन उमेदीत इकडे आला आणि गाड्यांच्याच धंद्यातून निवृत्त झाला. त्याचं घर ट्रॉयला, डेट्रॉइटच्या उत्तरेला. या भागात मराठी इंजिनिअर इतके की गणपतीत आरती संपली की प्रसाद हातात येईपर्यंत गिअरबॉक्सच्या गप्पा सुरू झालेल्या असतात, असं मामी सांगते.

त्या शनिवारी वुडवर्ड ॲव्हेन्यूवर ‘वुडवर्ड ड्रीम क्रूझ’ असते. जुन्या आणि हौसेनं सांभाळलेल्या गाड्या घेऊन लोक दिवसभर त्याच रस्त्यावर खाली-वर फिरतात आणि त्याहून कितीतरी जास्त लोक कडेला खुर्च्या टाकून त्या बघतात. आयोजकांचा अंदाज दहा लाखांवर माणसं आणि ४०,००० गाड्यांचा आहे. तिकीट नाही, मांडव नाही, भाषणं नाहीत.

“गाड्या शनिवारी बघ. आज आधी रस्ता बघ,” मामा म्हणाला. म्हणून विमानाचा शीण अंगात असतानाच आम्ही शहराच्या मध्यभागी गेलो आणि नदीजवळून वुडवर्ड धरला. तिथून पाँटिॲकपर्यंत हा रस्ता सुमारे ३५ किलोमीटर वायव्येला जातो. मोटारगाडीच्या इतिहासातल्या निम्म्या गोष्टी याच्या आजूबाजूला घडल्या आहेत. रस्त्यापासून थोडं आत पिकेट ॲव्हेन्यूवर फोर्डची १९०४ सालची तीन मजली विटांची इमारत उभी आहे. मॉडेल टी इथे जन्मली, १९०८ मध्ये. आता तिथे संग्रहालय आहे. लाकडी फरशीवर चालताना पायाखाली करकर आवाज येतो, आणि तिसऱ्या मजल्यावर ती कोपऱ्यातली खोली आहे जिथे मोजक्या माणसांनी बंद दाराआड गाडीचे आराखडे केले. माझ्या टेबलाएवढ्याच जागेत हे झालं, हे बघून मी बराच वेळ तिथून हलले नाही.

पुढे हायलँड पार्क. १९१३ मध्ये फोर्डनं चालती असेंब्ली लाइन इथे बसवली. साडेबारा तास लागणाऱ्या चॅसीच्या, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याच्या, जोडणीला काही महिन्यांत ९३ मिनिटं पुरायला लागली. आज त्या कारखान्याचा काही भाग उभा आहे, भोवती ओसाड प्लॉट आणि एक खरेदी केंद्र. मामानं गाडी कडेला घेतली आणि दुसऱ्या दिशेला बोट केलं. क्रायस्लरचं मुख्यालयही कित्येक दशकं याच गावात होतं. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी क्रायस्लरशी करार केला, १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून क्रायस्लरच्या डॉज आणि प्लिमथ बाहेर पडायला लागल्या. “आमच्या लहानपणी गिरगावात ज्या टॅक्सीत बसायचो ना, तिचं माहेर हे,” मामा म्हणाला.

हायलँड पार्कच्या उत्तरेला सिक्स माइल आणि सेव्हन माइल या रस्त्यांमधला टप्पा येतो. डेट्रॉइटमध्ये आडवे मोठे रस्ते एकेका मैलावर आहेत आणि त्यांना तीच नावं आहेत, त्यामुळे पत्ता सांगणं सोपं जातं. या एका मैलावर १९०९ मध्ये काँक्रीट घातलं गेलं. ग्रामीण महामार्गावर काँक्रीटचा अख्खा मैल अमेरिकेत तो पहिला. मग एट माइल आला आणि डेट्रॉइटची हद्द संपली. क्रूझ तिथून पुढे सुरू होते.

शुक्रवार

मामाच्या शेजारच्या गृहस्थांकडे १९६५ ची पाँटिॲक जीटीओ आहे. सकाळी चहा घेऊन आम्ही त्यांच्या गॅरेजमध्ये गेलो आणि दुपारी जेवायलाच परत आलो.

या गाडीची कथा या रस्त्याशी बांधलेली आहे. १९६३ च्या सुरुवातीला जनरल मोटर्सनं आपल्या सगळ्या विभागांना शर्यतींतून अंग काढून घ्यायला सांगितलं. शिवाय मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही, असा नियम होता. पाँटिॲक या त्यांच्या एका विभागात तेव्हा जॉन डीलोरिअन आणि बिल कॉलिन्स, रस गी हे इंजिनिअर होते. त्यांनी टेम्पेस्ट या मध्यम गाडीत मोठ्या गाडीचं ३८९ घनइंचांचं इंजिन बसवून बघितलं. नियम नव्या मॉडेलला लागू होता, जादा सोयीला नव्हता. म्हणून जीटीओ हे वेगळं मॉडेल न ठेवता टेम्पेस्टवर घेता येणारं एक पॅकेज म्हणून विकायला काढलं. पहिल्याच वर्षी, १९६४ मध्ये, ३२,४५० गाड्या गेल्या. जाहिरातीचं काम बघणारे जिम वँगर्स रॉयल ओक या उपनगरातल्या रॉयल पाँटिॲक या विक्रेत्याकडून खास जुळवलेल्या गाड्या घेऊन रात्री वुडवर्डवर उतरायचे. सिग्नलला शेजारी कुणी थांबला की हिरवा दिवा लागेपर्यंत दोघांचं शर्यतीचं ठरलेलं असायचं. ते बेकायदा होतं, धोक्याचं होतं आणि त्यात जीवही गेले. पण गाडी कशी धावते याची बातमी ड्राइव्ह-इनच्या, म्हणजे गाडीत बसूनच खायच्या हॉटेलांच्या, आवारात त्याच रात्री पसरायची, आणि बघायला आलेल्यांत दिवसा याच गाड्या बनवणारे इंजिनिअरही असायचे.

शेजाऱ्यांनी बॉनेट उघडलं. वर एका ओळीत तीन कार्ब्युरेटर, इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणारे. साधं चालवताना फक्त मधला काम करतो, पाय दाबला की दोन टोकांचे उघडतात. त्यांनी मला गाडीत बसवलं आणि पेडल हळूहळू दाबायला सांगितलं. इंजिन बंद होतं, फक्त दांड्या हलत होत्या. ते बॉनेटखालून ओरडले, “आता!” आणि त्याच क्षणी पायाखाली पेडल किंचित जड झालं. बाहेरचे दोन उघडले होते. आमच्याकडे हे सगळं आता सॉफ्टवेअर करतं. इथे ते पावलाला कळत होतं.

त्यांच्या फळीवर रबरी नळ्यांचा गठ्ठा होता. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते जुन्या रबराला खातं, म्हणून इंधनाच्या सगळ्या नळ्या बदलाव्या लागल्या. भाग मिळतात का, विचारल्यावर ते म्हणाले की जीटीओला मिळतात, पण शेजारची माणसं नसती तर ते कसे बसवायचे हे कळलं नसतं. गल्लीत एक जण डिस्ट्रिब्युटर जुळवून देतो, दुसरा गाद्या शिवतो, तिसऱ्याकडे क्रोमच्या पट्ट्या सरळ करायचे हातोडे आहेत. पैसे क्वचितच दिले-घेतले जातात.

संध्याकाळी बर्कली गावात ट्वेल्व्ह माइलवर क्रूझफेस्टची गाड्यांची मिरवणूक होती. रस्त्याच्या कडेच्या गवतावर घडीच्या खुर्च्या सकाळपासूनच मांडून ठेवलेल्या. आपल्याकडे विसर्जन मिरवणुकीला लक्ष्मी रस्त्यावर सतरंज्या टाकून जागा धरतात तसंच, फरक इतकाच की इथे खुर्चीशेजारी माणूस नसला तरी ती कुणी हलवत नाही. मुलांना काठावर पुढे बसवलं होतं. गाड्यांतून हात हलत होते, हॉर्न वाजत होते, आणि शाळेतले शिक्षक, दुकानदार, अग्निशमन दलातले लोक एकमेकांना नावानं हाका मारत होते. मला ही मिरवणूक शनिवारच्या मोठ्या मेळ्याइतकीच आवडली. गाव लहान आहे, आणि जी गाडी पुढून जाते तिच्या मालकाला निम्मे बघणारे ओळखतात.

शनिवार

पहाटे उठून मामीनं दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधली. मामानं बर्फाच्या पेटीत ताक आणि पाण्याच्या बाटल्या भरल्या. थर्टीन माइलच्या जवळ, रॉयल ओकमध्ये, मामाचे जुने सहकारी दर वर्षी एकाच झाडाखाली जमतात. सात वाजता पोचलो तर निम्म्या खुर्च्या भरलेल्या होत्या.

इथे येईपर्यंत मला एक कोडं सुटत नव्हतं. एवढ्या गाड्या एकाच रस्त्यावर दिवसभर फिरतात तरी कशा? इथे वुडवर्ड आठ पदरी आहे आणि मधोमध गवताचा रुंद पट्टा आहे. चौकात डावीकडे थेट वळता येत नाही. थोडं पुढे जाऊन गवताच्या पट्ट्यातल्या फटीतून उलट फिरायचं आणि मग हवं तिकडे जायचं. या वळणांमुळे सिग्नलला न अडकता कुठूनही परत फिरता येतं. पन्नास-साठच्या दशकांतली पोरं याच फटींतून एका ड्राइव्ह-इनपासून दुसऱ्यापर्यंत रात्रभर फेऱ्या मारत. स्क्वेअर लेक रोडजवळचं टेड्स आणि रॉयल ओकमधलं टोटेम पोल ही त्यांची टोकं. ड्राइव्ह-इन गेले, रस्त्याची रचना तशीच राहिली. म्हणूनच हा मेळा दुसऱ्या शहरात उचलून नेता आला नसता असं मला वाटतं.

सध्याची क्रूझ सुरू केली ती फर्नडेल या उपनगरातल्या नेल्सन हाउस या प्लंबरनं. गावातल्या मुलांसाठी फुटबॉलचं मैदान करायचं होतं, पैसे हवे होते, म्हणून १९९५ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी आणि सोबत्यांनी जुन्या दिवसांची आठवण म्हणून गाड्या फिरवायची टूम काढली. फार मोठी गर्दी होईल असं वाटलं नव्हतं. आली अडीच लाख.

दहापर्यंत रस्ता भरला. चेव्हीच्या शेपटीवाल्या बेल एअर, मस्टँग, डॉज चार्जर, रंग उडालेले पिकअप, मधेच एखादी पोलिसांची जुनी गाडी. मोठ्या व्ही-एट इंजिनांची धडधड छातीत बसते. टायर जाळून धूर काढणाऱ्याला पोलिस ताबडतोब बाजूला घेतात आणि ते योग्यच आहे, कारण हातभर अंतरावर मुलं बसलेली असतात.

मामानं मला फर्नडेलला नेलं. तिथे नाइन माइलवर फक्त मस्टँग लावलेल्या असतात, शेकड्यांनी, १९६४ पासून आजपर्यंतच्या. एकाच गाडीचं वय वाढताना बघायचं असेल तर हा रस्ता चालावा. या मेळ्याची रीतही मी तिथेच शिकले. बॉनेट उघडं असेल तर मालकाला विचारलेलं आवडतं. बंद असेल तर आधी नमस्कार-चमत्कार. गाडीला हात लावायचा नाही, पट्ट्याचं बक्कल रंगाला घासेल इतकं जवळ वाकायचं नाही. “केवढ्याला घेतली?” हा पहिला प्रश्न नसतो. “किती वर्षं आहे तुमच्याकडे?” असं विचारलं की माणूस खुर्ची पुढे ओढतो. मग इंजिन मूळचं आहे की बदललेलं, यावर वाद रंगतात. चॅसीवरचा आणि इंजिनावरचा क्रमांक जुळणारी गाडी एका गटाला पवित्र वाटते. दुसरा गट म्हणतो, जुन्या सांगाड्यात नवं इंजिन आणि चांगले ब्रेक घाला आणि रोज चालवा. माझं मत दुसऱ्या गटाकडे झुकतं, पण ओरखडे आणि उडालेल्या रंगासकट जशीच्या तशी ठेवलेली एक गाडी बघून मी जरा डळमळले.

रॉयल ओकला परत आलो तेव्हा शेजाऱ्यांची जीटीओ आमच्या झाडाखाली लागलेली होती आणि तिच्याभोवती घोळका. त्यात ऐंशी ओलांडलेले एक आजोबा होते, काठी टेकत आलेले. त्यांनी मालकाची परवानगी घेतली, चालकाच्या बाजूचं दार उघडलं आणि लावलं. पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. डोळे मिटून ऐकत होते. मग म्हणाले, पाँटिॲकला, जनरल मोटर्सच्या गाड्यांच्या बॉड्या बनवणाऱ्या फिशर बॉडीच्या कारखान्यात ते दारं बसवायचे. जीटीओच्या बॉडीवरही त्यांचे हात फिरले होते.

मी दारांच्या बिजागऱ्या करते म्हटल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं. दार बसलं नाही की लाइनवर काय करायचो, ते त्यांनी हातानं करून दाखवलं. दाराच्या कडेत लाकडाचा ठोकळा धरायचा आणि खांद्यानं नेमका तेवढाच जोर द्यायचा, की बिजागरीशी पत्रा केसभर वाकतो आणि फट वरपासून खालपर्यंत सारखी होते. मोजायला काही नाही, बोट फिरवून बघायचं. त्यांनी माझं बोट धरून त्या साठ वर्षांच्या फटीतून वरून खाली नेलं. खालच्या कोपऱ्यात ती किंचित रुंदावत होती. “हे माझं नाही,” ते ठामपणे म्हणाले, “मी असं सोडलं नसतं.” चाकणला आम्ही ही फट मिलिमीटरच्या दहाव्या भागात मोजतो, कॅमेरे लावून. दोन माणसं दिवसभर त्याच्यावर बसलेली असतात. पण ती फट आपली आहे की नाही, हे सांगू शकेल असा माणूस आमच्या लाइनवर मला अजून भेटलेला नाही.

गाड्यांची प्रदर्शनं मी पुण्या-मुंबईत पाहिली आहेत, परदेशांतल्यांचे व्हिडिओही पुष्कळ. तिथे मालक असतो, बघणारा असतो. इथे गाडी ज्यानं केली तोही त्याच रस्त्यावर खुर्ची टाकून बसलेला असतो. हे मला दुसरीकडे कुठे दिसलेलं नाही. कुणी इंजिन जुळवलेलं असतं, कुणी चाचणीला गाडी फिरवलेली असते, कुणी फक्त हबकॅप बसवलेले असतात. मामाच्या कंपूतल्या एका काकांनी वायपरच्या मोटरवर अख्खी उमेद घालवली. वायपर चालू असलेली गाडी दिसली की ते आधी त्याचा आवाज ऐकतात.

दुपारी उन्हाचा कडाका होता. समोरच्या मार्गिकेत एका जुन्या गाडीच्या नाकातून वाफ निघाली आणि ती गवताच्या पट्ट्याला टेकून थांबली. मिनिटाभरात तिच्याभोवती अनोळखी माणसं जमा झाली. गाडी चालवणारा मुलगा कॉलेजातला दिसत होता आणि रेडिएटरचं झाकण उघडायला हात पुढे करत होता. एका बाईंनी त्याचं मनगट धरून मागे ओढलं. “अर्धा तास हात लावू नकोस.” त्यांनी त्याला सांगितलं की पुन्हा काटा वर जायला लागला तर काचा उघडून आतला हीटर पूर्ण सोडायचा, म्हणजे इंजिनाची थोडी उष्णता तिकडून निघून जाते. कुणी पाणी आणलं, कुणी छत्री धरली, एकानं सैल झालेला पट्टा घट्ट केला. तासाभरानं गाडी निघाली तेव्हा दोन्ही बाजूंनी टाळ्या पडल्या.

मग चाळिशीच्या दशकाच्या शेवटची एक प्लिमथ आली, मरून रंगाची, गोलसर पाठीची. मामा दशमी हातातच ठेवून उठला. गाडी जवळच्या पार्किंगमध्ये वळेपर्यंत तो तिच्या बाजूनं चालत गेला. मालक तरुण होता, आजोबांकडून गाडी आलेली. अशाच प्लिमथ मुंबईत जोडल्या जायच्या आणि काळ्या-पिवळ्या रंगात टॅक्सी म्हणून धावायच्या, हे त्यानं कधी ऐकलं नव्हतं. बॉनेटखाली त्यानं गाडीच्या माहितीचा फलक ठेवला होता. त्यानं मामाला मार्कर दिला. मामानं खाली लिहिलं: कुर्ला, मुंबई, १९४७ पासून. अक्षर जरा थरथरलं. मामी म्हणाली, “अगं, फोटो काढ लवकर,” आणि मी काढला.

तरुण मंडळी कमी नाहीत. अंधार पडायला लागला तशा जपानी गाड्या, जमिनीला टेकणाऱ्या लो-रायडर, मोठ्या चाकांच्या उंच गाड्या दिसू लागल्या. काही जुन्या लोकांनी नाकं मुरडली. मला ते पटलं नाही. १९६४ च्या जीटीओकडे बघूनही तेव्हाच्या पोक्त लोकांनी हेच केलं असणार.

रविवार

सकाळी रस्ता झाडून स्वच्छ. मामाबरोबर पाँटिॲकला गेलो. २००९ मध्ये जनरल मोटर्सनं हा ब्रँड बंद करायचं जाहीर केलं आणि पुढच्या वर्षी तो संपला. गाव आणि त्याच्या नावाची गाडी यांपैकी आता गाव उरलं आहे. वुडवर्डच्या कडेला जनरल मोटर्सच्या जुन्या कारखान्याच्या जागेवर एम-१ कॉनकोर्स उभं आहे. दीड मैलाची धावपट्टी आणि हौशी लोकांनी विकत घेतलेली खासगी गॅरेजं. गॅरेजं देखणी आहेत आणि आतल्या गाड्या त्याहून. ज्या वुडवर्डवर रात्री लपून शर्यती व्हायच्या, त्याचाच एक तुकडा बंद करून तिथे ऑगस्टमध्ये कायदेशीर ड्रॅग रेस, म्हणजे दोन गाड्यांच्या सरळ रेषेतल्या शर्यती, घेण्याचे कार्यक्रमही इथून झाले आहेत. मला हे चांगलं वाटतं. फक्त त्या गॅरेजची किंमत परवडणारा माणूस आणि शनिवारी दाराची फट दाखवणारा माणूस इथे एकमेकांना भेटणं कठीण आहे.

परतताना मामाला म्हटलं, खाली हायलँड पार्कपर्यंत पुन्हा जाऊ. एट माइल ओलांडला आणि खुर्च्यांच्या खुणा, फलक, रंगीत पताका, सगळं तिथेच थांबलं. क्रूझचा मार्ग उपनगरांतून जातो, डेट्रॉइटमध्ये शिरत नाही. एट माइल हा कैक दशकं गोऱ्या उपनगरांना काळ्या शहरापासून तोडणारा रस्ता होता, आणि ती रेघ पुसट झाली असली तरी पुसलेली नाही. ज्या कारखान्यांमुळे या गाड्या झाल्या ते बहुतेक रेघेच्या दक्षिणेला होते, आणि तिथल्या लाइनवर उभे राहिलेले हजारो काळे कामगारही. क्रूझ आणखी काही मैल खाली यावी, निदान त्या पहिल्या काँक्रीटच्या मैलापर्यंत, असं मला मनापासून वाटतं. मामाच्या कंपूत यावर दर वर्षी वाद होतो. वाहतूक, खर्च, पोलिस, सगळी कारणं दोन्ही बाजूंनी मांडून होतात. वायपरवाले काका या बाबतीत माझ्या बाजूचे निघाले. पुढच्या ऑगस्टला शनिवारी सकाळीच आपली गाडी घेऊन सेव्हन माइलला जायचं आणि तिथून निघायचं, कुणी बरोबर येवो न येवो, असं त्यांनी मामाला बजावून ठेवलं आहे.